कोरड्या शहरातलं मरण

जयपूरच्या राजांच्या छत्र्या बघायच्या तर नाहरगडाच्या पायथ्याशी, गैटोरला जावं लागतं. सवाई जयसिंग १७४३ मध्ये गेला, त्याची पांढऱ्या संगमरवराची छत्री तिथंच आहे, आणि त्याच्यानंतरच्या राजांच्याही. एक मात्र तिथं नाही. जयसिंगाचा मुलगा ईश्वरीसिंग याची छत्री शहराच्या आत, सिटी पॅलेसच्या मागं, तालकटोरा तलावाजवळ एकटीच उभी आहे. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना मी हवामहल बघायच्या आधी तिथं नेते. राजा आपल्यामुळे मेला, तेव्हा एवढं तर करावंच.

जयसिंगानंतर गादीवरून ईश्वरीसिंग आणि सावत्र भाऊ माधोसिंग यांच्यात जुंपली. मराठे आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. दोन्हीकडून पैसा कबूल करून घ्यायचा आणि तो वसूल करायला फौज आणायची. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर जयपूरवर चालून आले. ईश्वरीसिंगाचा खजिना रिकामा होता, आणि कर्ता दिवाण केशवदास याला त्यानं स्वतःच विष देऊन मारलं होतं. त्यानं विष घेतलं आणि वर नाग चावून घेतला. त्याच्या काही राण्यांनीही विष घेतलं.

मी जन्मभर शरीररचनाशास्त्र शिकवलं, तेही याच शहरात, म्हणून इतिहास वाचताना माझं लक्ष राजकारणावरून उडून भलतीकडेच जातं. नागाचं विष रक्तापेक्षा मज्जातंतूंवर चालतं. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते मधेच अडवतं. आधी पापण्या मिटायला लागतात, मग जीभ जड होते, गिळता येत नाही, आणि शेवटी छातीचा पडदा हलायचा थांबतो. शुद्ध बराच वेळ शाबूत राहते. बखरीत आणि पत्रांत हे एका ओळीत उरकतं.

पुढचं त्याहून वाईट आहे. माधोसिंग गादीवर बसला, जयाप्पा शिंदेही येऊन पोचले, मागण्या वाढल्या. १० जानेवारी १७५१ ला काही हजार मराठे शहर बघायला, देवदर्शनाला, खरेदीला म्हणून वेशीच्या आत आले होते. दुपारी दरवाजे बंद झाले आणि जयपूरच्या लोकांनी त्यांना कापायला सुरुवात केली. रात्र होईपर्यंत ते चाललं. कोटावरून उड्या टाकून काही जण हातपाय मोडून घेऊन वाचले. मृतांचा आकडा इतिहासकार तीन हजारांच्या आसपास देतात. आमच्या शाळेत पानिपत होतं, हे नव्हतं. ते दिवस थंडीचे होते. जयपूरची जानेवारीतली रात्र सात-आठ अंशांपर्यंत उतरते. हेच जुलैत घडलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुपारी जिंकणाऱ्यांनाही त्या गल्ल्यांतून चालता आलं नसतं.

मेलेल्या शरीराचं पुढं काय होणार हे ऊब, हवा आणि पाणी ठरवतं. त्यांतही मला पाणी सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि जयपुरात राहिल्यावर तर जास्तच. हृदय थांबलं की पेशी लगेच मरत नाहीत. प्राणवायू नसल्यामुळे त्यांच्या आतली पाचकद्रव्यं मोकळी सुटतात आणि पेशी स्वतःलाच पचवायला लागते. त्याला पाणी लागतं. रक्त वजनानं खाली उतरतं आणि पाठीवर जांभळट डाग दिसायला लागतात. सुमारे आठ-बारा तासांनी ते जागचे हलत नाहीत. पापण्या आणि जबडा आधी ताठ होतात, मग मान, हात, पाय. उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात हा ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, थंडीत रेंगाळतो. मग आतड्यांतले जिवाणू. पोटाच्या उजव्या बाजूला खालती, जिथं मोठं आतडं कातडीच्या अगदी जवळ असतं, तिथं हिरवट डाग उमटतो. आतड्यातला गंधकाचा वायू आणि रक्तातलं लोह मिळून तो रंग होतो. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत दिसतो, हिवाळ्यात दीड-दोन दिवस लागतात. गर्भाशय सगळ्यांत शेवटी सडतं, त्यामुळे बाकी काही ओळखू येत नसलं तरी बाई होती एवढं सांगता येतं.

पुस्तकात लिहिलेलं असतं की प्रेत तासागणिक गार होतं. मे महिन्यातल्या जयपूरला हे कुणीतरी सांगायला हवं. बाहेर पंचेचाळीस अंश असताना प्रेत गार होत नाही, उलट तापतं. जुना एक नियम आहे: उघड्यावर एका आठवड्यात जेवढं सडतं तेवढं पाण्यात दोन आठवड्यांत आणि जमिनीत आठ आठवड्यांत. म्हणजे माझ्या पाण्याच्या लाडक्या सिद्धान्ताला तो सुरुंगच लावतो. पण नदीचं पाणी गार असतं आणि तिथं हवा पोचत नाही. ओल आणि ऊब एकत्र आली की मात्र शरीराचा टिकाव लागत नाही. ओल असेल पण हवा नसेल तर चरबीचा मेणचट साबण होतो. ऊब आणि वारा असेल पण ओल नसेल तर शरीर वाळतं. भारतातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत या वाळण्याचं उदाहरण द्यायचं झालं की राजस्थानच्या वाळवंटाचं नाव येतं.

आग या सगळ्याला वेळच देत नाही. साठ किलोच्या माणसात पस्तीस-छत्तीस लिटर पाणी असतं, आणि चितेचं पहिलं काम ते उकळून घालवणं. लाकूड एवढं का लागतं याचं हे एक कारण. उष्णतेनं स्नायू आखडतात, कोपर आणि गुडघे वाकतात, मुठी आवळल्या जातात. प्रेत उठून बसलं असं लोक म्हणतात ते यामुळे. शेवटी उरतो तो हाडातला चुना, दोन-अडीच किलो. तिसऱ्या दिवशी आपल्याकडे अस्थी सावडतात, इकडे ‘फूल चुगतात’, आणि संध्याकाळी ‘तीये की बैठक’ असते. जयपूरच्या हिंदी पेपरात रोज एक अख्खं पान या बैठकांच्या जाहिरातींचं, फोटो आणि वेळेसकट. नवीन आले तेव्हा मला ते पान भीषण वाटायचं. आता सकाळी आधी तेच वाचते.

फुलं हरिद्वारला जातात. २०२० च्या टाळेबंदीत रेल्वे-बस बंद पडल्या आणि स्मशानांमधल्या कपाटांत अस्थिकलश साठत गेले. मग मे महिन्यात राज्य सरकारनं ‘मोक्ष कलश’ म्हणून हरिद्वारसाठी फुकट बस सोडली. गंगेचं आणि या शहराचं नातं तसं जुनं. १९०२ मध्ये सवाई माधोसिंग दुसरा एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेला तेव्हा चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून नेलं. घागरी सिटी पॅलेसमध्ये ठेवल्या आहेत, एकेकीचं वजन ३४५ किलो. गंगेचं पाणी नासत नाही ही श्रद्धा. आग्र्याच्या प्रयोगशाळेतल्या अर्नेस्ट हॅन्किननं १८९६ मध्येच लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. श्रद्धेला एवढा तरी आधार होता.

आगीची दुसरीही एक गोष्ट आहे, ती लवकर उरकते, कारण तिच्यावर रेंगाळावंसं वाटत नाही. १८४६ मध्ये जयपूर राज्यानं सती बंद केली. मोठ्या राजपूत संस्थानांत हे पहिलं. त्यामागे इंग्रज एजंट जॉन लडलोची खटपट होती. आणि ४ सप्टेंबर १९८७ ला शेजारच्या सीकर जिल्ह्यातल्या देवरालात रूपकंवर जळाली. तेव्हा मी याच शहरात होते. डिसेक्शन हॉलमध्ये मुलामुलींचे दोन तट पडले होते, प्रेतं मधे.

राम निवास बागेतल्या अल्बर्ट हॉलकडे वळते. राज्याभिषेकासाठी माधोसिंग ज्याच्याकडे गंगाजल घेऊन गेला त्याच एडवर्डनं, युवराज असताना, ६ फेब्रुवारी १८७६ ला या इमारतीची कोनशिला बसवली. आराखडा स्विंटन जेकबचा. आत काय ठेवायचं ते ठरवलं थॉमस हेंडली या डॉक्टरनं. हा रेसिडेन्सी सर्जन. दिवसा दवाखाना आणि उरलेल्या वेळात लाखेची भांडी, शस्त्रं, गालिचे, मातीच्या बाहुल्या गोळा करायच्या. १८८३ चं जयपूर प्रदर्शन त्यानंच भरवलं, आणि १८८७ मध्ये संग्रहालय या इमारतीत उघडलं. डॉक्टरांनी जमवलेली संग्रहालयं मला लगेच ओळखू येतात. त्यांना सुंदर वस्तूइतकीच नमुन्याचीही हाव असते.

तो नमुना म्हणजे तूतू. इजिप्तमधून, कैरोच्या संग्रहालयाच्या हातून आलेली ममी. अख्मीम नावाच्या गावची. ग्रीक त्याला पॅनोपोलिस म्हणत. पाटीवर लिहिलंय की ती खेम देवाच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातली बाई, काळ इसवी सनपूर्व ३२२ ते ३०. या देवाला आता मिन म्हणतात. १८८० च्या दशकात गास्तों मास्पेरोच्या माणसांना अख्मीमला प्रचंड दफनभूमी सापडली. ममी इतक्या निघाल्या की जगभरच्या संग्रहालयांना वाटल्या गेल्या. आपल्या सयाजीरावांच्या बडोद्यातही एक ममी आहे, कोलकात्यात आहे, हैदराबादेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संग्रहालयाला ममी हवीच अशी टूम होती. तूतूच्या छातीवर पंख पसरलेला भुंगा रंगवलाय, त्याच्याखाली सिंहाच्या आकाराच्या पलंगावर निजवलेलं प्रेत, आणि त्याची उस्तवार करणारा कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस. प्रेत बांधणाऱ्याचं चित्र प्रेतावरच.

हे काम करणाऱ्या लोकांबद्दल हिरोडोटसनं लिहून ठेवलंय. तीन दर होते, ऐपतीप्रमाणे. महागड्या प्रकारात नाकातून लोखंडी आकडी घालून मेंदू काढायचा, कुशीत धारदार दगडानं चीर देऊन आतडी काढायची, पोकळी ताडीनं धुऊन गंधरसानं भरायची, मग क्षारात ठेवायचं, आणि सत्तर दिवसांनी धुऊन लिननच्या पट्ट्यांत गुंडाळायचं. मोठ्या घरच्या बायकांचं प्रेत तीन-चार दिवस उलटल्याशिवाय देत नसत, असंही तो सांगतो. लेप करणारे त्याची विटंबना करतील ही भीती. इजिप्तच्या उन्हाळ्यात तीन-चार दिवस! पोट फुगलेलं, कातडी सुटलेली, माश्यांनी अंडी घालून त्यांच्या अळ्याही वळवळायला लागलेल्या. हिरोडोटसच्या ऐकीव गोष्टी सगळ्या खऱ्या नसतात, पण ही खरी असेल तर त्या कारागिरांना बायकांच्या बाबतीत अर्धं हरलेलं काम हातात मिळत होतं. तूतूच्या काळापर्यंत धंदा फार वाढला होता. तेव्हाच्या ममींत डांबरासारखी राळ ओतून आतलं काम उरकलेलं असतं आणि सगळी कलाकुसर बाहेरच्या पट्ट्यांवर आणि रंगीत कवचावर. गिऱ्हाईक बाहेरूनच बघतं, हे त्यांना कळलं होतं.

दिओदोरस नावाचा दुसरा ग्रीक लेखक सांगतो की जो माणूस कुशीत चीर द्यायचा त्याला काम होताक्षणी पळून जावं लागे, कारण जमलेले लोक त्याला शिव्या देत आणि दगड मारत. चीर मात्र त्यांनाच हवी असायची. हे वाचलं तेव्हा मला कोकणातले किरवंत आठवले, अंत्यविधी सांगतात म्हणून ब्राह्मणांनीच वाळीत टाकलेले ब्राह्मण. प्रेमानंद गज्वींचं नाटक आहे त्यांच्यावर. उत्तरेत महाब्राह्मणांची तीच गत. आमच्या डिसेक्शन हॉलचा म्हातारा अटेंडंट, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, त्याचा कप कँटीनमध्ये वेगळा ठेवलेला असायचा. डॉक्टर होणारी पोरं त्याच्याकडून शिकायची आणि त्याच्या कपाला हात लावायची नाहीत.

क्षाराकडे परत येते, कारण सगळी विद्या त्यातच आहे. नाईलच्या पश्चिमेला वादी नात्रून म्हणून खोलगट जागा आहे, तिथल्या तळ्यांच्या काठावर हा नेट्रॉन जमतो: धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, त्यात मीठ आणि सल्फेट मिसळलेलं. तो पाणी ओढून घेतो आणि चरबीवर साबणासारखं काम करतो. प्रेत कोरड्या नेट्रॉनमध्ये पस्तीस-चाळीस दिवस पुरलं की जिवाणूंना जगायला ओलच उरत नाही. आता जयपूरहून ऐंशी किलोमीटरवरचं सांभर सरोवर बघा. बहुतांश मीठ, पण त्याबरोबर सल्फेट आणि थोडा सोडाही. म्हणजे तूतूला माहेरच्या मातीशेजारी आल्यासारखं वाटायला हरकत नाही. आपल्या लोकांनी त्या खाऱ्या पाण्यातून फक्त मीठ काढलं, आणि त्यावरून भांडले: जयपूर, जोधपूर, अधूनमधून मराठे, शेवटी १८७० च्या सुमारास इंग्रजांनी ते भाड्यानं घेऊन टाकलं. प्रेत टिकवायचं कुणाच्याच मनात आलं नाही. ज्याला परत जन्म घ्यायचाय त्यानं जुनं शरीर कशाला जपायचं?

याच सांभरच्या काठी २०१९ च्या नोव्हेंबरात हजारो स्थलांतरित पक्षी मरून पडले. कारण निघालं बॉट्युलिझम. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, त्या अळ्यांत जिवाणूचं विष साठतं, जिवंत पक्षी त्या अळ्या खातो आणि पंख लुळे पडून मरतो, मग त्याच्यात अळ्या. नागाच्या विषासारखंच हेही मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडतं. उपाय एकच होता: मेलेले पक्षी शोधून, उचलून पुरणं. प्रेताची विल्हेवाट वेळेवर लावावी, या माझ्यासारख्या म्हातारीच्या हट्टामागं कधीकधी एवढं साधं कारण असतं.

माझं शिक्षण मुंबईचं. तिथल्या शवविच्छेदनाच्या दालनात जुलै उजाडला की प्रेतांवर बुरशी यायची, पांढरी-हिरवी, आणि फिनॉलच्या फडक्यानं पुसत बसावं लागायचं. जयपूरच्या कॉलेजात आले तर उलटंच. मांडीच्या धमनीतून फॉर्मलीन, ग्लिसरीन, स्पिरिट भरलेलं प्रेत मे महिन्यात टेबलावर ठेवलं की लू त्यातलं पाणी खिडकीतून ओढून न्यायची. सकाळी सोललेला दंडाचा स्नायू संध्याकाळी चपलेच्या पट्ट्यासारखा. बोटांची टोकं काळी आणि कडक. उस्ताद ओली फडकी घालायचा, वरून प्लास्टिक, आणि मुलांना ओरडायचा, “ढक के जाओ! मिसर का राजा बनाना है क्या?” फॉर्मलीननं मांस टिकतं हे फर्डिनांड ब्लूमला १८९३ मध्ये कळलं. म्हणजे तूतू जयपुरात आली तेव्हा आमचं फॉर्मलीनचं तंत्र अजून जन्मायचं होतं. फॉर्मलीन प्रथिनांना एकमेकांत अडकवून टाकतं, त्यामुळे पाणी असूनही सडत नाही. नेट्रॉन पाणीच काढून घेतो. माझ्या मते पहिली युक्ती हुशारीची, दुसरी टिकाऊ.

किती टिकाऊ ते १४ ऑगस्ट २०२० ला कळलं. सकाळपासून जयपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि अल्बर्ट हॉलच्या तळघरात पाणी शिरलं. तूतू तळघरातच होती. नाईलकाठच्या वाळूत दोन हजार वर्षं आणि जयपूरच्या कोरड्या हवेत सव्वाशेहून जास्त वर्षं काढलेलं शरीर, आणि शेजारी गढूळ, उबदार, पावसाळी पाणी. लिननच्या पट्ट्या ते पाणी टिपकागदासारखं शोषून घेतात, आत सुकून बसलेल्या ऊतींना ओल लागली की बुरशीला आमंत्रणच. संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी पेटीची काच फोडली आणि तिला उचलून वर नेलं. ती भिजली नाही. पुरातत्त्व खात्याच्या फायली मात्र भिजल्या. नंतर त्या पटांगणात उन्हात पसरून वाळवत ठेवल्या होत्या. जयपूरचं ऊन असलं तरी ते ऑगस्टचं, त्यामुळे वेळ लागला. पावसाळ्यात पाणी भरू शकेल अशा तळघरात ममी ठेवायचा निर्णय कुणाचा, हे विचारायला मी काही गेले नाही. अटेंडंट मंडळींनी काच फोडली हे मात्र मी शेजारपाजारी अनेकदा सांगितलंय, कारण मौल्यवान वस्तूची काच फोडायला सरकारी नोकराला किती धैर्य लागतं ते सरकारी नोकरी केलेल्यालाच कळतं.

मी देहदानाचा फॉर्म भरलाय. मुलीला पुण्यात सांगून ठेवलंय: मी मे-जूनमध्ये गेले तर रडायच्या आधी कॉलेजला फोन कर, सहा तासांच्या आत, आणि तोवर एसी लाव; सडायला लागलेलं प्रेत ते घेत नाहीत, आणि आपल्याच विभागानं आपल्याला परत पाठवावं यासारखी नामुष्की नाही. मुलीला हे पटलंय. अडचण शेजारच्या वयस्क मारवाडी बाईंची आहे, ज्या मला ताईजी म्हणतात आणि ज्यांनी माझ्या तीयाच्या बैठकीला काय करायचं ते बहुधा आधीच ठरवून ठेवलंय. त्या म्हणाल्या, “पण ताईजी, फूल किसके चुगेंगे?” मी सांगितलं, मुलांचं शिकून झालं की उरलंसुरलं कॉलेजच जाळतं, तुमची बैठक तेव्हा घ्या, दीड-दोन वर्षं उशीर होईल एवढंच. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, “पेपर में फोटो तो अभी वाला देंगे ना?”